आठ विभक्त्या हौसेने

२०२५ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी सक्तीचा जीआर निघाला, त्यावर रान पेटलं आणि २९ जूनला सरकारने माघार घेतली. चांगलं झालं. पण त्या दिवसांत आमच्या शाळेच्या ग्रुपवर सगळे एकच म्हणत होते, की एवढ्याशा पोरांना तीन भाषांचं ओझं झेपत नाही, आणि हे मला इथे अमेरिकेत, सॅन होजेत बसून काही पटेना.

माझी लेक नववीत आहे. मराठी शाळेला रविवारी तोंड पाडून जाते, 'नदी ती आणि समुद्र तो' हे कुणी ठरवलं म्हणून भांडते, आणि तीच मुलगी ड्युओलिंगो या भाषा शिकायच्या ॲपवर हाय व्हॅलिरियन शिकते! म्हणजे गेम ऑफ थ्रोन्स या मालिकेसाठी डेव्हिड पीटरसनने रचलेली भाषा. तिच्यात विभक्त्या आठ आणि लिंगं चार, चंद्र, सूर्य, पृथ्वी आणि पाणी यांच्या नावांची. तिथे कुणी ठरवलं हा प्रश्न नाही, रात्री अकराला पाठ चालू असतात. त्या ॲपवर स्टार ट्रेकमधल्या परग्रहवासीयांची क्लिंगॉनसुद्धा आहे, २०११ च्या जनगणनेत ८ कोटींच्या वर लोकांची असलेली मराठी मात्र नाही.

क्लिंगॉन तर मुद्दाम उफराटी केलीय, आधी कर्म, मग क्रियापद, कर्ता शेवटी. ती रचणाऱ्या मार्क ओक्रांडने त्याआधी पीएचडी केली होती मुत्सुन या कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांच्या भाषेच्या व्याकरणावर. ती आमच्या जवळच्याच सॅन हुआन बॉटिस्टा भागातली, अस्खलित बोलणारी शेवटची बाई १९३० मध्ये गेली, मागे राहिली ती टिपणं. आता त्या समाजातले मोजके लोक त्यावरून ती परत शिकतायत. क्लिंगॉनमध्ये मात्र अख्खा हॅम्लेट आहे. राग येतो खरं सांगायचं तर.

पण नुसत्या हौसेनेही भागत नाही. अमेरिकेतल्याच एका भाषातज्ज्ञाने मुलाशी पहिली तीन वर्षं फक्त क्लिंगॉनमध्ये बोलून पाहिलं. पोरगा शिकलाही थोडीफार, पण आई आणि बाकी सगळं जग इंग्रजीत, त्याने दिली सोडून. हे वाचून पोटात गोळा आला कारण आमच्याकडे मी मराठीत विचारतो आणि उत्तर इंग्रजीत येतं, तेही मोबाईलमधून मान वर न करता.

तर ओझंबिझं काही नसतं हो. पोरांना त्या भाषेत काहीतरी हवंसं असलं की ती आठ विभक्त्या हौसेने उचलतात. जीआर काढणारे आणि तो फाडणारे, दोघांनाही विचारावंसं वाटतं की चौदा वर्षांच्या मुलीने रात्री जागून बघावं असं या वर्षी मराठीत काय आलं. ग्रुपवर विचारलं मी हे. तिघांनी पुस्तकं सुचवली, तिन्ही माझ्या आईने शाळेत असताना वाचलेली.