एका झुरक्यासाठी एक किलोमीटर

मी दिवसाला चार सिगरेटी ओढतो. बायकोच्या हिशेबात दोनच आहेत आणि डॉक्टरच्या हिशेबात मी कधीच सोडलीय. खरा आकडा फक्त आमच्या मिरजकर तिकटीच्या पानपट्टीवाल्याला माहिती, तो बिचारा पोटात ठेवतो.

कोल्हापुरात ओढणाऱ्याला कधी रस्ता विचारावा लागत नाही बघा. चार पावलं गेलं की टपरी, टपरीला दोरीनं बांधलेला लायटर (पूर्वी सुतळी जळत असायची), आणि तिथं उभं राहून साखरेच्या दरापासून कुस्तीपर्यंत सगळं निकालात काढणारी चार माणसं. कायदा आहे, नाही असं नाही, २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी ओढली तर २०० रुपयांपर्यंत दंड, आणि २०२० पासून राज्यात सुट्टी सिगरेट विकायला पण बंदी आहे. तरी मला सुट्टी कशी मिळते ते विचारू नका.

तर पोरगा जर्मनीत, त्याच्याकडं निघालो. मुंबईपर्यंत गाडीनं, त्यामुळं काय त्रास नाही, पेठनाक्याला चहा, कराडला चहा, साताऱ्याच्या पुढं परत चहा. बायको म्हणाली एवढा चहा तुम्ही आयुष्यात पीत नव्हता. खरा घोळ सिक्युरिटीत झाला. हँडबॅगेत लायटर चालत नाही, काडेपेटी पण नाही, सिगरेटीचं पाकीट मात्र खुशाल न्या म्हणे. बाजूला ट्रेमधे रंगीबेरंगी लायटरांचा ढीग, जोतिबाच्या यात्रेतलं खेळण्यांचं दुकानच जणू. माझा पण त्यात गेला, शिरोलीच्या फाउंड्रीत बारा वर्षं साथ दिलेला.

पुढं आखातातल्या एका विमानतळावर साडेतीन तासांचा थांबा. पोरानं फोनवर आधीच क्लास घेतला होता, पप्पा हिथ्रोला असता तर आत ओढायला जागाच नाही, अटलांटानं तर २०२० मधे होत्या त्या खोल्या पण बंद केल्या, फ्रँकफर्टला काचेच्या केबिन आहेत, तोवर कळ काढा. कळ काढा म्हणे! ह्याच्या शाळेच्या ॲडमिशनला मी कळ काढलीच होती की.

बायकोला बॅगांपाशी बसवलं. "अहो, कुठं?" "जरा बाथरूमला जाऊन येतो." इथंच मी फसलो.

कारण तो विमानतळ म्हणजे रंकाळ्याला एक फेरी मारावी एवढा. एका पाटीवर सिगरेटचं चित्र आणि बाण, दुसऱ्या पाटीवर तीच सिगरेट आणि त्यावर लाल काट, आणि माझा चष्मा बायकोच्या पर्समधे. दोनदा बाणासारखं दिसलं म्हणून गेलो तर काट निघाली. सरकत्या पट्ट्यावर उलट्या बाजूनं चढलो, एका पोरानं हसून हाताला धरून उतरवलं. वाटेत ड्यूटी फ्री, तिथं सिगरेटीची खोकी गणपतीच्या आराशीसारखी लाइटिंगमधे मांडलेली. म्हणजे विकायला अख्खा हॉल आणि ओढायला जागा शोधत फिरा, ही कुठली रीत मला कळली नाही. शेवटी झाडूवाल्या भावाला दोन बोटं ओठाला लावून दाखवली. "सीधा जाओ, फिर किसी को पूछो." आमच्या गंगावेशीत पण पत्ता असाच सांगतात.

खोली सापडली तेव्हा घड्याळात पंचवीस मिनिटं गेली होती. काचेची, आपोआप बंद होणारं दार, आत पंधरा-वीस माणसं धुरात उभी, मत्स्यालयात पाणी बदलायचं राहिलंय असं दृश्य. पण खरं सांगतो, धंद्याचा माणूस म्हणून मी आधी वर बघितलं. आतली हवा खेचून थेट बाहेर टाकायची आणि खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवायचा, मग दार उघडलं तरी बाहेरची हवा आत घुसते, आतला धूर बाहेर जात नाही. आपल्या २००८ च्या नियमात पण हेच लिहिलंय. आयडिया एक नंबर, फक्त तिथला एक्झॉस्ट दमलेला होता. आमच्या शेडमधे असा चालला असता तर पोरांनी काम बंद केलं असतं. सिगरेट न पेटवता दोन श्वास घेतले तरी दिवसाचा कोटा पूर्ण.

तरी एवढं चाललोय म्हटल्यावर पेटवायची होतीच. लायटर भिंतीत. बटण दाबलं की आतली तार लाल होते आणि तिथं तोंड नेऊन सिगरेट टेकवायची, म्हणजे अंबाबाईच्या उंबऱ्याला टेकवतो तसं कपाळ भिंतीला. दोनदा टेकलो, तार काय प्रसन्न होईना. शेजारच्या दाढीवाल्यानं एक शब्द न बोलता आपली जळती सिगरेट पुढं केली. तो कुठला, मला माहिती नाही, पण टपरीवरचा माणूस होता एवढं नक्की. चार झुरके मारले, डोळ्यातनं पाणी, आणि बाहेर पडलो.

परत येईपर्यंत पाऊण तास उलटून गेलेला. बघतो तर बायकोच्या शेजारी इचलकरंजीचं एक कुटुंब जमलंय, आणि बाथरूमला गेलेला माणूस पाऊण तास येत नाही म्हटल्यावर सगळ्यांनी मिळून निदान करून टाकलेलं. त्यातल्या वहिनींनी न विचारता माझ्या तळहातावर ओवा ठेवला. खरं सांगावं तर सिगरेट निघते. चावला गपगुमान.

विमानात बायकोनं माझ्या ताटातलं फक्त दही-भात माझ्याकडं ठेवला, बाकी तिनं आणि इचलकरंजीनं संपवलं. तासाभरानं मी टॉयलेटला गेलो, खरोखरचा. तिथं सिगरेट ओढू नका अशी पाटी आणि तरीसुद्धा बारीकसा ॲशट्रे! पोरानं सांगितलेलं आठवलं, तो ठेवावाच लागतो, कुणी चोरून पेटवलीच तर थोटूक कागदाच्या डब्यात जाऊ नये म्हणून. १९७३ मधे पॅरिसजवळ एका विमानात टॉयलेटातनं आग लागून १२३ माणसं गेली होती. मी त्या ॲशट्रेचं झाकण दोनदा उघडून बघितलं, रिकामा होता, आणि बराच वेळ तसाच उभा राहिलो.

बाहेर आलो तर पॅसेजमधे इचलकरंजीच्या वहिनी.

"भाऊ, परत? थांबा, अजून ओवा हाय माझ्याकडं."