नवं निघालं की आमचं येतं

आमच्या विश्रामबागेतल्या घरात हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र नवं असताना कधी आलेलं नाही. आधी ते जगात येतं, जग त्याला खेळून कंटाळतं, मग कंपनी त्याचा धाकटा भाऊ बाजारात आणते. ज्यांना धाकटा परवडतो त्यांच्या कपाटातून थोरला बाहेर पडतो आणि वळसे घेत घेत सांगलीला पोचतो.

पहिला आला २००५ साली. मस्कतच्या मामांनी आणलेला गेम बॉय ॲडव्हान्स एसपी. पाकिटासारखा मिटणारा, आतून उजेड देणारा. मी आठवडाभर जमिनीवर नव्हतो. मग कळलं की गेम बॉय काढणाऱ्या निन्टेंडो कंपनीचाच नवा डीएस आदल्या नोव्हेंबरातच अमेरिकेत निघालाय आणि त्याला दोन पडदे आहेत. मामांकडे तक्रार केली, तर ते म्हणाले, "दोन पडदे बघायला डोळे किती आहेत रे तुला?" मी खाली मान घालून "दोन" म्हणालो. हे उत्तर माझ्या बाजूचं होतं, हे मला तीन दिवसांनी सुचलं. तोवर मामा विमानात बसले होते.

त्या काळात कंपनी सांगत होती, की डीएस हा आमचा तिसरा खांब. गेम बॉय आपल्या जागी उभा राहणारच. मी हे मोठ्या आशेनं आईला वाचून दाखवलं. आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दुसरी करून आणणारा बाप्या पहिलीला हेच सांगत असतो."

आईचं खरं झालं, पण लगेच नाही. २००६ मध्येसुद्धा गेम बॉय ॲडव्हान्सला 'मदर ३' आणि 'रिदम तेंगोकू' असे दोन गाजलेले गेम आले. आले ते फक्त जपानात. या यंत्राला कुठल्याही देशाची कॅसेट चालायची (आम्ही तिला कॅसेटच म्हणायचो, आणि चालली नाही की तिच्यात फुंकर मारायचो), त्यामुळे अडचण यंत्राची नव्हती, माझ्या जपानीची होती. सांगलीत हळद, बेदाणा आणि कानडी यांतले जाणकार गल्लोगल्ली भेटतात. जपानीचा मला एकही सापडला नाही.

दुसरा डीएस लाइट, म्हणजे डीएसचाच हलका अवतार. तो २०१२ साली पुण्याच्या मावसभावाकडून आला, कारण त्यानं डीएसनंतरचा थ्रीडीएस घेतला होता. पण या खेपेला मी खूश होतो. थ्रीडीएस २०११ च्या फेब्रुवारीत जपानात २५,००० येनला निघाला आणि ऑगस्टात १५,००० वर उतरला. घाईनं घेतलेल्यांची समजूत काढायला कंपनीनं त्यांना वीस जुने गेम फुकट दिले. म्हणजे नवं घेणाऱ्यांना बक्षीस काय, तर जुने गेम! आणि २०१२ मध्ये पोकेमॉनचे दोन नवे भाग, 'ब्लॅक २' आणि 'व्हाइट २', निघाले कुणासाठी? माझ्या म्हाताऱ्या डीएससाठी. ही बातमी मी ऑफिसात तिघांना सांगितली. तिघांनीही पोकेमॉन म्हणजे काय, असं विचारलं.

यामागचं गणित साधं आहे. डीएस जगभरात शेवटी पंधरा कोटींवर खपला. भडंगवाला गर्दी असेल तिथंच गाडा लावतो. पलीकडे नवी इमारत झाली म्हणून तिच्या रिकाम्या पार्किंगमध्ये जाऊन उभा राहत नाही. शिवाय गेम काही एका रात्रीत होत नाही. दोन-तीन वर्षं शिजत घातलेलं आधण, नवी चूल आली म्हणून कोण ओतून देईल?

तिसरा थ्रीडीएस. २०१७ च्या मार्चमध्ये त्याच कंपनीचा पुढचा स्विच निघाला आणि पावसाळ्यापर्यंत थ्रीडीएस माझ्या हातात. एव्हाना माझं लग्न झालं होतं, त्यामुळे हिशेब विचारणारं माणूस घरातच होतं.

"अहो, याला अजून गेम येतात का? का कुणी गळ्यात बांधलं?"

"येतात की!" मी म्हणालो. आणि खरंच आले. सप्टेंबरात 'मेट्रॉइड: सॅमस रिटर्न्स', नोव्हेंबरात पोकेमॉनचे 'अल्ट्रा सन' आणि 'अल्ट्रा मून'. हे "येतात की!" मी २०१९ पर्यंत म्हणत होतो, फक्त आवाज उतरत गेला. कारण पुढं पुढं काय यायचं? २००१ चा 'लुइजीज मॅन्शन' २०१८ मध्ये पुन्हा. २०१० चा कर्बीचा लोकरीचा गेम २०१९ मध्ये पुन्हा. रात्रीच्या चपात्या कुस्करून, कांदा-मोहरीची फोडणी देऊन सकाळी ताटात. मला फोडणीची चपाती आवडते, वाद नाही. पण ती सलग तीन दिवस आली की ओळखावं, परातीत पीठ पडायचं बंद झालंय. 'हा शेवटचा' अशी पाटी लावून कुठलाच गेम येत नाही. २०२० च्या सप्टेंबरात यंत्राचं उत्पादन थांबलं, २०२३ च्या मार्चमध्ये त्यावरचं ऑनलाइन दुकान मिटलं, २०२४ च्या एप्रिलमध्ये ऑनलाइन खेळणंही. बारावं-तेरावं रीतसर पार पडलं.

मला चिडवणारा एक मिरजेचा मित्र आहे. त्यानं शहाणपणानं सोनीचा व्हिटा, म्हणजे हातात धरायचंच यंत्र, नवाकोरा असताना घेतला. २०१९ मध्ये व्हिटाचं उत्पादन बंद झालं आणि त्या यंत्राला वारसच आला नाही. तेव्हापासून तो चिडवत नाही, भडंग घेऊन येतो.

आता चौथा. २०२५ च्या ५ जूनला स्विच २ निघाला. जूनअखेरीला मी एका दुकानातून वापरलेला स्विच घेऊन घरी. चिरंजीव पाचवीत आहेत. त्यांनी खोका उलटसुलट करून पाहिला.

"पप्पा, टू आलाय."

"माहितीये. पण यालाही गेम येतात. ऑक्टोबरात पोकेमॉनचा नवा येतोय, दोन्हीवर. 'मेट्रॉइड प्राइम ४' पण दोन्हीवर."

"मारिओ कार्टचा नवा?"

"..."

"डाँकी काँगचा?"

ते दोन्ही फक्त टूवर. टूमध्ये जुन्याच्या बहुतेक कॅसेट चालतात, पण टूच्या कॅसेट जुन्यात चालत नाहीत. सासूची साडी सुनेला होते, सुनेचा ड्रेस सासूला होत नाही. हे मी मोठ्यानं म्हणालो नाही, कारण स्वयंपाकघरात दोघीही होत्या.

तरी सौभाग्यवतींनी आतून विचारलंच, "तुम्ही घेतलं की नवीन निघतंय, का नवीन निघालं की तुम्ही घेताय?" आमच्या अपार्टमेंटमध्ये तर मी मोबाईल घेतला की चार जण आपली खरेदी महिनाभर पुढं ढकलतात.

चिरंजीव तोवर आठ वर्षांपूर्वीचा 'मारिओ कार्ट ८ डीलक्स' लावून बसले होते. चार-पाच शर्यती झाल्यावर, पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "पप्पा, थ्री आला की मला टू घ्याल?"

मी बोटं मोजली. २००४, २०११, २०१७, २०२५. सहा ते आठ वर्षांचं अंतर. म्हणजे साहेब तोवर अकरावी-बारावीला किंवा कॉलेजात.

"घेऊ," मी हळूच म्हणालो. "पण आईला आत्ता सांगू नकोस."