‘शंभर टक्के’ मी खोडलं आहे

ताई,

‘दुर्बिणीच्या ऑपरेशनची जाहिरात करताय, बिलासपूर विसरलात का? माझ्या जावेला ऑपरेशननंतर चौथ्या वर्षी दिवस राहिले, त्याआधी पाळीचा त्रास वेगळाच. आणि सगळं बायकांनीच का करायचं?’ असं तुम्ही दुर्बिणीने होणाऱ्या स्त्री नसबंदीवरच्या माझ्या लेखावर लिहिलंत. रागाने लिहिलंत, पण नेमकं लिहिलंत.

आधी जावेचं. लेखात मी ‘शंभर टक्के खात्रीचं’ म्हटलं होतं. ते चुकलं. मुळशी-भोरच्या बायकांना नर्स म्हणून ३० वर्षं हेच वाक्य ऐकवलं, जीभ वळते तिकडेच. अमेरिकेत दहा हजारांवर बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेला एक अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे गर्भनळी बंद करायला तिच्यावर जी रिंग चढवतात, ती बसवलेल्यांत १० वर्षांत हजारी साधारण १८ जणींना दिवस राहिले होते. रोजच्या गर्भनिरोधक गोळ्यांपेक्षा कितीतरी बरं, पण शून्य नाही. कधी रिंग नळीऐवजी गर्भाशय धरून ठेवणाऱ्या शेजारच्या बंधावर चढते, कधी नळी पुन्हा जुळते, तर कधी टेबलावर घेतलेली बाई आधीच गरोदर असते. म्हणून तर पाळी आल्यापासून सात दिवसांच्या आत या म्हणतात आणि आधी लघवी तपासतात.

पण माझी खरी चूक पुढची आहे, आणि ती तुम्हीही धरली नाहीत. ऑपरेशन फसून जे दिवस राहतात, त्यांतल्या जवळजवळ एक तृतीयांश वेळा गर्भ पिशवीत न रुजता नळीतच रुजतो. नळी फुटली की पोटात रक्तस्राव. माझ्या ओळखीतली सिंहगड रोडची एक बाई दोन दिवस पित्ताची गोळी घेत बसली होती. पाळी चुकलेली, ओटीपोटात एका बाजूला कळ, खांदा दुखतोय. पण ‘माझं ऑपरेशन झालंय, मला कुठले दिवस?’ तिसऱ्या दिवशी मोरीत चक्कर येऊन पडली. वेळेत नेली म्हणून वाचली. तेव्हा ऑपरेशन झालेलं असलं तरी पाळी लांबली की लघवीची तपासणी त्याच दिवशी करायची, आणि कळ किंवा चक्कर असेल तर थेट दवाखाना. हे लेखात आता पहिल्या परिच्छेदात घातलं आहे.

बिलासपूर विसरणं शक्य नाही. छत्तीसगडमध्ये, नोव्हेंबर २०१४, नसबंदीच्या एका शिबिरात ८३ बायका, एकच सर्जन, काही तासांत सगळं उरकलेलं. त्यातल्या बारा-तेरा जणी गेल्या. ऑपरेशननंतर दिलेल्या गोळ्या दूषित होत्या की जंतुसंसर्ग, यावर पुढे बरंच भांडण झालं. पण नियम तेव्हाही होता की एका सर्जनने दिवसाला ३० च्या वर करू नयेत. दोन बायकांच्या मधे दुर्बीण २० मिनिटं औषधात बुडवून ठेवायची असते, आता तुम्हीच हिशोब मांडा. २०१६ साली सुप्रीम कोर्टाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा म्हणून सांगितलं, ते उगाच नाही. ‘आज तुमच्या आधी किती जणी?’ हे बाईने बेधडक विचारावं.

पाळीबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. अंडाशयाला हातच लावत नाहीत, आणि त्याच अमेरिकन पाहणीत ऑपरेशन केलेल्यांची पाळी इतरांपेक्षा जास्त बिघडलेली दिसली नाही. बऱ्याचदा आधी गर्भनिरोधक गोळ्या चालू असतात, त्या बंद केल्यावर मूळचा त्रास वर येतो. जावेची सोनोग्राफी झाली का? ऑपरेशनवर खापर फोडून गाठ तशीच राहिलेली मी पाहिली आहे.

शेवटचा प्रश्न तुमचा अगदी रास्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लग्न झालेल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमागे स्त्री नसबंदी ३७.९ टक्के, पुरुष नसबंदी ०.३ टक्के. पुरुषाच्या नसबंदीला ना पोटात गॅस भरावा लागतो ना पोटात दुर्बीण घालावी लागते. फक्त तीन महिने काळजी घेऊन मग वीर्य तपासायचं. आमच्या घरी ‘ह्यांनी’च करून घेतली. सासूबाईंनी आठ दिवस त्यांना सायकलवर बसू दिलं नाही आणि रोज साजूक तुपातला शिरा केला. दोन बाळंतपणांत मिळून मला एवढा शिरा मिळाला नव्हता.