सुईला माइक नाही म्हणून ऑपरेशन नको?

रामबागेतल्या आमच्या आत्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली, रक्त-लघवीच्या तपासण्याही झाल्या, आणि आता ती सही करायला तयार नाही. का, तर भजनी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आलाय. पाठीत भुलेची सुई डॉक्टर ‘अंदाजाने’ टोचतात, परदेशात सगळे सुईला माइक लावून आवाजावरच ती घालतात, सोनोग्राफीच्या लहरींनी नसा जळतात, पाठ जन्मभर दुखते. तेव्हा ‘आवाजाची सुई’ नसेल तर सही करू नका! इंदूरमधल्या निम्म्या मराठी घरांत तो पोचला असावा, कारण मलाच तो तिघींकडून आला.

आधी तो ‘अंदाज’. गुडघ्याच्या ऑपरेशनला बहुतेक वेळा स्पायनल, म्हणजे पाठीत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करणारी भूल देतात. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू साधारण कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खालून, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधून जाते. नेमक्या जागी पोचली की सुईच्या मागच्या टोकातून पाण्यासारखे स्वच्छ थेंब येतात. तो मज्जारज्जूभोवतीचा द्रव. तो दिसल्याशिवाय भूलतज्ज्ञ औषध सोडत नाहीत. थेंब डोळ्यांसमोर गळत असताना माइक काय ऐकणार आहे? आणि एवढ्यासाठी एका बाईने आणखी वर्षभर गुडघा ओढत जिने चढायचे?

एपिड्युरलची, म्हणजे मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाबाहेरच औषध सोडतात त्या भुलेची गोष्ट थोडी वेगळी, आणि मेसेजवाल्याने अर्धवट ऐकलेलं ते बहुधा हेच. तिथे थेंब यायचे नसतात. सुईला सिरिंज लावून दट्ट्यावर दाब ठेवत पुढे जातात; मणक्यांमधला चिवट पिवळा बंध ओलांडला की विरोध एकदम सुटतो. हा दाब मोजून आवाजात ऐकवणारी यंत्रं आहेत: दाब पडला की सूर उतरतो. हाताला जे कळतं तेच कानालाही कळावं, इतकंच. जर्मनीतल्या माग्देबुर्गच्या संशोधकांनी तर २०१८ साली सुईच्या मागच्या टोकाला खरोखर माइक लावला आणि ऊतीतून जाताना होणारी खरखर टिपली. ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये ते छापून आलं. काम हुशारीचं आहे, पण ते प्रयोगशाळेतलं. त्यावरून ‘परदेशात सगळे’ कुठून आले?

उलट ब्रिटनच्या ‘नाइस’ या सरकारी संस्थेने २००२ मध्ये काय सांगितलं ते बघा. मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालताना पडद्यावर चित्र दाखवणारी सोनोग्राफी वापरा. नुसत्या आवाजावर शीर शोधणाऱ्या डॉप्लर यंत्राची मात्र शिफारस नाही. मानेतली शीर म्हणजे पाठ नव्हे, कबूल. पण परदेशात आवाजावरच भिस्त असते म्हणणाऱ्याने हे एकदा वाचावं.

लहरींनी नसा जळण्याबद्दल काय बोलणार? पोटातल्या बाळाला बघतात त्याच त्या लहरी. पाठीचं म्हणाल तर टोचल्या जागी काही दिवस दुखू शकतं. जन्मभराच्या पाठदुखीशी स्पायनलचा संबंध अभ्यासांत दिसलेला नाही. डोकेदुखी मात्र खरी आहे, तीही मेसेजवाल्याला सापडली नाही. १८९८ मध्ये ही भूल पहिल्यांदा देणारे जर्मन सर्जन आउगुस्ट बीअर यांनी स्वतःवरही प्रयोग करून घेतला आणि डोकं धरून अंथरुणात पडून राहिले. आता सुया बारीक झाल्यात, त्रास पुष्कळ कमी झालाय, पण संपलेला नाही.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. वजन फार असेल किंवा पाठ वाकलेली असेल तर मणके हाताला लागत नाहीत, आणि तेव्हा आधी सोनोग्राफीने जागा हेरून ठेवण्याचा उपयोग होतो. आत्याची पाठ वाकलेली आहे, तर तिने हे भूलतज्ज्ञांना जरूर विचारावं. त्यासाठी आधी त्यांच्यासमोर जाऊन बसायला हवं.

आणि जाताना गोळ्यांची पिशवी न्यावी. तिच्यात रक्त पातळ करणारी एक गोळी आहे. ती चालू असताना पाठीत सुई गेली तर आत रक्त साकळून नसांवर दाब येऊ शकतो, म्हणून ती कधी थांबवायची हे डॉक्टर ठरवतात. आपल्या मनाने बंद करायची नाही. खरा धोका तो आहे, आणि एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये त्यावर एक ओळ नाही.