‘फलकावरच्या दुप्पट वजन रॅक सहज पेलते’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गोदामांचे व्यवस्थापक, पर्यवेक्षक आणि फोर्कलिफ्टचालक यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरत आहे. त्याचा आशय असा : रॅकवरच्या, म्हणजे माल ठेवायच्या उंच लोखंडी मांडणीवरच्या, फलकावर लिहिलेले वजन कंपनीने केवळ स्वतःच्या बचावासाठी लिहिलेले असते, प्रत्यक्षात रॅक त्याच्या दुप्पट वजन सहज पेलते, बीम, म्हणजे माल पेलणारा आडवा दांडा, वाकलेला दिसत नाही तोवर चिंता करू नये, क्षमता बीमची असते, त्यामुळे बीम हवे तसे वर-खाली करावेत, खांबाला पोचा आला तर ठोकून वेल्डिंग करून घ्यावे, आणि आजवर दहा वर्षांत काही झालेले नाही, तेव्हा पुढेही होणार नाही. भिवंडी, चाकण किंवा तळोजा येथे चौरस फुटाच्या दराने भाडे भरणाऱ्या माणसाला हा सल्ला गोड वाटणे स्वाभाविक आहे. मात्र त्यातील एकही विधान तपासणीला उतरत नाही.

पहिले विधान दुपटीचे. त्यात सत्याचा अंश एवढाच, की रॅकची रचना करताना काही राखीव ताकद धरलेली असते. पॅलेट म्हणजे माल रचायचा पाट. अशी पॅलेट ठेवायच्या रॅकच्या रचनेसाठी जे युरोपीय मानक वापरले जाते, त्या ईएन १५५१२ मध्ये मालाचे वजन १.४ ने गुणून रॅक तपासली जाते. म्हणजे फलकावर प्रत्येक पॅलेटसाठी १,००० किलो लिहिले असेल, तर तपासणी १,४०० किलो धरून झालेली असते. २,००० किलो धरून नव्हे. शिवाय हे वरचे ४०० किलो मालकाला बक्षीस म्हणून दिलेले नसतात. पॅलेट ठेवताना बसणारा दणका, ते थोडे एका बाजूला टेकणे आणि मालाच्या वजनाचा चुकलेला अंदाज यांतच ते खर्ची पडतात. अंदाज किती सहज चुकतो, याचे उदाहरण खाद्यतेलाच्या १५ किलोच्या डब्यांचे घेता येईल. १,२०० × १,००० मिलिमीटरच्या पॅलेटवर एका थरात साधारण २० डबे बसतात. तीन थरांचे तेलच ९०० किलो होते, आणि रिकामे डबे व लाकडी पॅलेट यांचे वजन मिळवले की हजाराची मर्यादा जवळजवळ भरते. तरीही वर हातभर जागा मोकळी दिसते म्हणून चौथा थर चढवला जातो आणि निव्वळ तेलच १,२०० किलो होते. मोकळी जागा डोळ्यांना दिसते, वजन दिसत नाही.

त्याच फलकाविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्रत्येक पातळीची, म्हणजे बीमच्या एका जोडीची मर्यादा वजन बीमच्या लांबीवर समान पसरलेले आहे असे गृहीत धरून काढलेली असते. तेवढेच वजन नेमके मध्यावर एकवटले, तर बीमला वाकवणारा जोर दुप्पट होतो आणि झोळ १.६ पट येतो. म्हणून २,००० किलोच्या पातळीवर यंत्राची एकच अवजड पेटी मधोमध ठेवणारा मनुष्य कागदावर नियम पाळत असतो, पण बीमच्या दृष्टीने त्याने समान पसरलेल्या ४,००० किलोंएवढा ताण दिलेला असतो.

‘बीम वाकलेला दिसत नाही तोवर’ हे दुसरे विधान दोन्ही अंगांनी चुकते. भरलेल्या बीमला थोडा झोळ येणे हे ठरलेलेच असते. सामान्यतः लांबीच्या दोनशेव्या भागापर्यंतचा, म्हणजे २,७०० मिलिमीटरच्या बीमला साडेतेरा मिलिमीटरपर्यंतचा झोळ मान्य असतो. माल उतरवल्यावर तो नाहीसा झाला पाहिजे, नाही झाला तर तो बीम निकामी समजावा. पण मुख्य आक्षेप वेगळा आहे. बीम निदान वाकून इशारा देतो. खांब बहुधा देत नाही, आणि संदेश लिहिणाऱ्याने खांबाकडे पाहिलेलेच नाही.

यातूनच तिसऱ्या, सर्वांत घातक विधानाकडे, म्हणजे बीम हवे तसे वर-खाली करण्याकडे, यावे लागते. केरसुणीचा लांब हीर दोन्ही टोकांनी दाबला तर तो लगेच बाक घेतो. त्याच हिराचा दोन बोटे लांबीचा तुकडा दाबून वाकत नाही. हिराची जाडी तीच असते, बदलते ती आधाराविना असलेली लांबी. रॅकचा खांब पातळ पत्र्याचा आणि भोके पाडलेला असतो, आणि त्याला जागोजागी धरून ठेवण्याचे काम बीमच करत असतात. सिद्धान्ताप्रमाणे अशा खांबाची बाक येण्यापूर्वीची ताकद आधाराविना लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. जमिनीपासून पहिला बीम दीड मीटरवरून दोन मीटरवर नेला, तर ती सुमारे ५६ टक्क्यांवर येते. तीन मीटरवर नेला, तर चौथाईवर. सांध्यांची घट्टता आणि खांबाचा आकार यांनुसार प्रत्यक्ष आकडे बदलतात, आणि म्हणूनच उत्पादक पातळ्यांच्या अंतरानुसार क्षमतेचे वेगवेगळे तक्ते देतात. एका अंतराचा फलक दुसऱ्या अंतराला लागू पडत नाही.

आता गोदामात नेहमी घडणारा प्रसंग पाहू. एका खणात, म्हणजे खांबांच्या दोन चौकटींमधल्या जागेत, चार पातळ्या आहेत आणि प्रत्येकीवर २,००० किलो माल आहे. शेजारचा खणही तसाच आहे. दोन्ही बाजूंच्या खणांचे अर्धे-अर्धे वजन घेणाऱ्या मधल्या चौकटीवर एकूण ८,००० किलो येतात, म्हणजे तिच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन खांबांवर प्रत्येकी ४,०००. उंच माल ठेवायचा म्हणून दीड मीटरवरची पहिली पातळी दोन्ही खणांतून काढली जाते, आणि भार कमी झाला असे सर्वांना वाटते. तो खरोखरच कमी होऊन ६,००० किलोंवर येतो. पण दुसरी पातळी तीन मीटरवर असेल, तर खालच्या खांबाची आधाराविना लांबी दुप्पट होते आणि ताकद सिद्धान्ताप्रमाणे चौथाईवर येऊ शकते. भार पाऊण राहतो आणि आधार पाव उरतो.

चौकट दोन खणांमध्ये सामायिक असल्याने ती खचली की पुढच्या खणाचाही आधार जातो. ऑक्टोबर २०२० मध्ये ब्राझीलमधील साओ लुईस शहरातल्या एका घाऊक बाजारात उंच मांडण्या एकामागून एक कोसळल्या आणि एका कर्मचारी स्त्रीचा मृत्यू झाला. त्या घटनेची चित्रफीत आपल्याकडेही अनेकांनी पाहिली असेल. काही सेकंदांत सारे संपते, कोणाला बाजूला होण्याइतकाही अवधी मिळत नाही.

पोचा आणि वेल्डिंग यांविषयी फार विस्तार नको. ईएन १५६३५ या मानकानुसार एक मीटरची सरळ पट्टी खांबाला लावून फट मोजतात. खांब बीमच्या दिशेने वाकला असेल तर ५ मिलिमीटर आणि रॅकच्या खोलीच्या दिशेने वाकला असेल तर ३ मिलिमीटर ही मर्यादा आहे. चौकटीचे दोन खांब जोडणाऱ्या तिरप्या पट्ट्यांसाठी ती १० मिलिमीटर आहे. मर्यादेच्या दुपटीहून अधिक फट निघाल्यास माल ताबडतोब उतरवून खांब बदलावा लागतो. खांबाची बरीचशी ताकद त्याच्या घड्यांच्या नेमक्या आकारात आणि पत्रा थंड अवस्थेत वळवताना त्याला आलेल्या कणखरपणात असते. हातोडा पहिली गोष्ट पूर्ववत करू शकत नाही आणि वेल्डिंगची आच दुसरी घालवते. वरून रंग दिला की पुढच्या तपासणीत तो खांब निर्दोष दिसतो, हा त्यातला अधिकचा धोका.

राहिले दहा वर्षांचे विधान. ते रॅक तीच राहिली असे धरून चालते. दहा वर्षांत किती बीम हलले, बीम खांबातून निसटू न देणाऱ्या किती लॉकपिना हरवल्या, फोर्कलिफ्टची चाके आणि काटे खांबांना किती वेळा लागले, याची नोंद बहुतेक ठिकाणी नसते. मालही बदलतो. ज्या खणात पूर्वी चिवड्याच्या पाकिटांचे खोके असत, तिथे भाडेकरू बदलल्यावर तेलाचे डबे येतात, आणि फलक मात्र जुन्याच मांडणीचा, धुळीने झाकलेला, तिथेच लटकत असतो.