बॅनरवर फोटो कुणाचा?

आज डोकं फिरलंय. ज्याला झोंबेल त्याने खुशाल अनफ्रेंड करावं.

सकाळी गावात कापूसवाल्यांची बैठक होती. सीसीआयचं, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाचं, खरेदी केंद्र वेळेवर सुरू करा आणि कापसात १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा नको ही अट पावसात भिजलेल्या मालाला सैल करा, एवढंच निवेदन द्यायचं होतं. मजकूर चहा येईपर्यंत ठरला. मग निघाला बॅनर, आणि सगळी सकाळ त्यातच गेली. एकाला त्यावर त्याच्या पक्षाचे नेते भाऊ पाहिजेत, दुसऱ्याला त्याच्या पक्षाचे आबा, तिसरा म्हणे दोघंही टाका पण आमचे वर. मी म्हटलं, कापसाच्या बोंडाचा टाका. तर शेजारच्या शेतातला पोरगा मलाच विचारतो, "भाऊ, तुम्ही कोन्ता पार्टीना?"

अरे, बांधाला बांध लागून आपली शेतं, आणि तू मला पार्टी विचारतो?

तिकडे कापड गिरण्यांच्या संघटना बघा. दिल्लीत सरकार कुणाचंही असो, त्यांची मागणी ठरलेली. आयात कापसावरचं ११ टक्के शुल्क काढा म्हणत होते, ऑगस्ट २०२५ मध्ये निघालं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमका आपला कापूस घरात येतो तेव्हा बाहेरचा स्वस्तात येणार! (अमेरिकेच्या टॅरिफने त्यांचीही गोची झाली होती, मान्य.) त्यांचा राग नाही येत मला. त्यांना आपलं हित कळतं. आपण फोटोवर भांडतो.

बरं, भाऊ किंवा आबा सभागृहात आपल्यासाठी भांडतील? १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून व्हिपच्या, म्हणजे पक्षाच्या आदेशाच्या, विरोधात मत दिलं की पद जायची भीती. माणूस कितीही चांगला असो, हात वर होणार तो पक्ष सांगेल तेव्हाच. मग पक्षावर बाहेरून दाब आणायचा कुणी? आपणच ना? आणि आपणच त्यांचे फोटो छापायला वर्गणी काढतोय!

याच खान्देशात १९७२ साली शहाद्याला श्रमिक संघटना उभी राहिली. आदिवासींनी हातची गेलेली जमीन परत मागितली, मजुरीसाठी भांडले. तेव्हा कुणी बॅनर छापून येईपर्यंत थांबलं नव्हतं.

पक्ष नकोतच, असं नाही. केळीवाल्याला विमा, हमालाला हमाली, गिरणीवाल्याला स्वस्त रुई, या सगळ्यांची मोट बांधायला पक्ष लागतो. तेवढं कबूल. पण बाजार समितीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर नसते, तरी कुठलं पॅनल कुणाचं ते शेंबडं पोरगंही सांगतं. १८ संचालकांत गावच्या शेती-कर्जाच्या सोसायट्यांतून ११ येतात, ते आपलेच म्हणायचे. त्यांनी तरी कापसाचा विषय लावून धरला का? सोसायटीपासून पतपेढीपर्यंत सगळीकडे पक्ष शिरला, आता शेतकऱ्यांच्या बैठकीत तरी येऊ नका रे बाबांनो.

तो पोरगा तसा वाईट नाही. त्याच्या बापाच्या ऑपरेशनला पक्षाच्याच माणसाने धावपळ करून मदतनिधी मिळवून दिला होता. आम्ही कापूसवाले तेव्हा कुठे होतो? तब्येतीची चौकशी करून घरी आलो. त्याने कुणाचं नाव घ्यायचं मग?

असो. परवा संध्याकाळी सात वाजता मारुतीच्या पारावर पुन्हा बसतोय. फक्त सह्या घ्यायच्या आहेत. गळ्यातले पक्षाचे रुमाल घरी ठेवा. सातबारा मात्र आणा, सीसीआयच्या नोंदणीलाही तो लागणारच आहे.