कितव्यांदा सोडलास?

सकाळी रंकाळ्यावरनं फिरून आल्यावर चहाच्या गाड्यावर दादानं पुढं आलेली तंबाखूच्या माव्याची पुडी परत केली. लगेच एकानं शेजारच्याला टाळी दिली, "आता कितव्यांदा सोडलास भावा?" सगळे हसले. दादा पण कसनुसा हसला. तेव्हापासून माझं डोकं सणकलंय.

कितव्यांदा म्हणजे काय? आधीचं सगळं काय पंचगंगेत वाहून गेलं?

शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधलेलं हे कोल्हापूर. इथं पैलवान चितपट झाला तर वस्ताद त्याला घरी बस म्हणत नाही. कुठल्या डावात सापडलास ते विचारतो आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच डावाची तोड करून घेतो. हे आपल्या पोराटोरांना कळतं. मग मावा सोडणाऱ्यानं काय घोडं मारलंय?

तंबाखू सोडताना पहिले 2-3 दिवस तलफ सगळ्यात जोरात असते. दादा त्यात कधीच हरला नाही. तो घसरला कितीतरी महिन्यांनी, विसर्जन मिरवणुकीत. महाद्वार रोडला रात्रभर जागरण आणि मंडळाची पोरं आजूबाजूला पुडी मळत उभी. पुढच्या वर्षी खिशात बडीशेप घेऊन गेला, मिरवणूक निभावली. मग घसरला आबांना ॲडमिट केलं तेव्हा, दवाखान्याच्या जिन्यात. पण तिथंच त्याला उमगलं की त्याच्या तोंडापेक्षा हाताला सवय लागलीय. प्लॅस्टिकच्या कागदात सुपारी, तंबाखू, चुना अंगठ्यानं रगडत बसलं की तेवढा वेळ डोक्यातला घोर थांबतो. आता टेन्शन आलं की तो शेंगा फोडत बसतो. घरभर टरफलं होतात, वहिनी चकार शब्द काढत नाही.

हे त्याला कुणी शिकवलं? त्या मोडलेल्या प्रयत्नांनीच की!

हां, दर सोमवारी सोडून मंगळवारी टपरीवर दिसणारे पण आहेत, मान्य. पण हसल्यानं त्यातला एक तरी सुधारलाय का? उलट माणूस पुढच्या वेळी कुणाला न सांगता सोडतो, आणि घसरला की एकटाच घसरतो.

प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1983 साली सिगारेट सोडणाऱ्यांचा अभ्यास मांडला. त्यांनी तर परत घसरणं हा बदलाच्या वाटेवरचाच एक टप्पा धरलाय. आपल्या कट्ट्यावर मात्र तो टिंगलीचा विषय.

हसणारी माणसं वाईट नाहीत, आबांच्या वेळी हीच रात्ररात्र दवाखान्यात बसली होती. म्हणून तर जास्त लागलं. त्यांनी एकदा तरी दादाला विचारावं, गेल्या वेळी कुठं अडलं होतं? तो सांगेल. त्याला सगळं लख्ख आठवतं.

तंबाखू सोडणाऱ्यांसाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, 1800-11-2356. सोडून परत धरलेल्यांनी तर नक्की फोन लावा, तुमच्याकडं सांगण्यासारखं जास्त आहे.